चुकून दिलेले पैसे आणि बुडालेली बँक

3 जुलै 1974. न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेने लंडनच्या इस्रायल-ब्रिटिश बँकेच्या खात्यासाठी 20,00,687.50 डॉलर पाठवले. त्याच दिवशी, एका कारकुनी चुकीमुळे, तेवढीच रक्कम पुन्हा एकदा गेली. पैसे घेणारी बँक तेव्हाच डबघाईला आली होती. वर्ष संपण्याआधी ती अवसायनात गेली.

आता ते वीस लाख डॉलर कोणाचे?

उत्तर सरळ वाटते. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 72 नुसार चुकून मिळालेले पैसे परत करावेच लागतात. इंग्लंडच्या कायद्यालाही हे तत्त्व मान्य आहे. घेणारा धडधाकट असेल, तर विषय इथेच संपतो. तो बुडालेला असेल, तर इथून पुढे खरे नवल आहे.

बुडालेल्या कंपनीकडे शिल्लक थोडी असते आणि धनको पुष्कळ. ज्यांच्याकडे तारण नाही, त्यांच्या हाती रुपयामागे काही पैसेच पडतात. चेसची रक्कम नुसते ‘येणे’ ठरली, तर चेसलाही त्याच रांगेत उभे राहावे लागणार. पण ती रक्कम कधी बँकेच्या मालकीची झालीच नाही, बँक ती फक्त विश्वस्त म्हणून दुसऱ्यासाठी सांभाळत होती, असे ठरले तर रांगेचा प्रश्नच उरत नाही. जेवढे पैसे हुडकून काढता येतील, तेवढे सगळे परत!

दोन्ही बाजूंना वजन आहे. कर्ज देणाऱ्याने बुडण्याचा धोका समजून-उमजून पत्करलेला असतो. चुकून पैसे देणाऱ्याने तो कधीच पत्करलेला नसतो. उलट, चेसला पूर्ण रक्कम दिली तर निष्पाप ठेवीदारांच्या वाट्याला तेवढे कमी येते.

1979 मध्ये न्यायमूर्ती गोल्डिंग यांनी चेसच्या बाजूने निकाल दिला. चुकून पैसे दिल्याने देणाऱ्याचा त्यांवरचा हक्क सुटत नाही, असे त्यांचे म्हणणे. 1996 मध्ये दुसऱ्या एका खटल्यात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड ब्राउन-विल्किन्सन यांनी हे कारण नाकारले. निकाल मात्र बरोबर असू शकेल, असे त्यांना वाटले. पैसे आले म्हणून कोणी विश्वस्त होत नाही. चूक कळूनही ते ठेवून घेतले, तर होतो. इस्रायल-ब्रिटिश बँकेला ती चूक दोन दिवसांत कळली होती. लाखो डॉलरचा वाद शेवटी एका प्रश्नावर येऊन ठेपतो: घेणाऱ्याला कळले कधी?

याहून जुना आणि मला फार मोलाचा वाटणारा निकाल 1874 चा आहे. एका धनकोने कायद्याचा अर्थ चुकीचा समजून दिवाळखोराच्या विश्वस्ताला पैसे दिले होते. कायद्याच्या गैरसमजातून दिलेले पैसे परत मिळत नाहीत, असा तेव्हाचा नियम. तरीही लॉर्ड जस्टिस जेम्स यांनी ते परत करायला लावले. विश्वस्त हा न्यायालयाचा अधिकारी. कायद्याने मुभा आहे म्हणून त्याने अप्रामाणिक लाभ उपटू नये. इतर माणसांकडून आपण जो प्रामाणिकपणा मागतो, तो न्यायालयानेही पाळलाच पाहिजे, ही त्यामागची भूमिका. ‘एक्स पार्टे जेम्स’ या नावाने हे तत्त्व इंग्लंडमध्ये आजही ओळखले जाते.

आपल्याकडे दिवाळखोरी संहिता, 2016 च्या कलम 36(4) नुसार, कंपनीने दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून धरलेली मालमत्ता धनकोंमध्ये वाटता येत नाही. चुकून आलेली रक्कम त्यात बसते का, हा त्या-त्या प्रकरणात सिद्ध करण्याचा मुद्दा.

म्हणून एवढे कराच: पैसे चुकीच्या खात्यात गेले, तर त्याच दिवशी बँकेला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. घेणारा उद्या बुडाला, तर त्याला चूक कधी कळली, हे त्या कागदावरूनच सिद्ध करता येईल.