नाव जग्वारचं, मालकी मुंबईची

११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादेत हुसेनसागरच्या काठी, सचिवालय आणि एनटीआर गार्डनच्या आसपासच्या रस्त्यांवर फॉर्म्युला ई स्पर्धेच्या, विजेवर चालणाऱ्या शर्यतीच्या बावीस गाड्या उभ्या होत्या. एरवी याच रस्त्यांवर सिटी बस आणि रिक्षांची झुंबड असते. आदल्या दिवशी तर सरावाच्या वेळी शहरातली साधी वाहनं थेट ट्रॅकवर शिरली आणि सगळं वेळापत्रक कोलमडलं. बुद्ध सर्किटवरची फॉर्म्युला वन २०१३ नंतर बंद पडली होती. त्यानंतर भारतात मोटारींच्या जागतिक अजिंक्यपदाची फेरी होत होती ती थेट हैदराबादला.

घरचा संघ म्हणून लोक साहजिकच महिंद्राकडे बघत होते. पण सगळ्यांत पुढच्या जागेवर, पोल पोझिशनला, उभी होती ती मिच इव्हान्सची जग्वार. जग्वार म्हटलं की डोळ्यांपुढे ब्रिटन येतं, हिरवा रंग येतो, बॉनेटवर झेपावलेला चित्ता येतो (प्राणी चित्ता नव्हे, पण आपल्याकडे सर्रास तसंच म्हणतात). प्रत्यक्षात २००८ पासून ही कंपनी टाटांची आहे, म्हणजे मुंबईची. महिंद्राही मुंबईचीच. हैदराबादच्या त्या रांगेत एक मुंबईकर घराणं स्वतःचं नाव लावून उभं होतं आणि दुसरं विकत घेतलेलं नाव लावून. माझ्या मते यातली दुसरी वाट जास्त अवघड.

ती का अवघड, हे कळायला फॉर्म्युला ईची गाडी जवळून बघावी लागते. त्या वर्षी आलेल्या तिसऱ्या पिढीच्या गाडीचा सांगाडा आणि बाहेरचं अंग सगळ्या संघांना एकच, स्पार्क नावाच्या फ्रेंच कंपनीने बनवलेलं. बॅटरी सगळ्यांना एकच, टायर सगळ्यांना हँकूकचे. संघाचं स्वतःचं म्हणावं असं उरतं मागच्या भागात: मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स आणि हे सगळं चालवणारं सॉफ्टवेअर. या गाडीच्या मागच्या चाकांना नेहमीचे ब्रेक नाहीत. तिथे वेग कमी करायचं काम मोटरच करते आणि करता करता बॅटरीत वीज परत भरते. म्हणजे कस लागतो तो न दिसणाऱ्या भागाचा. रंग खरवडून काढला तर स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला पोर्शे कुठली आणि जग्वार कुठली, हे सांगता येणार नाही.

अशा ठिकाणी नावांचा बाजार भरणारच. त्या वर्षी मसेराटी एकआसनी शर्यतींत परतली ती १९५७ नंतर पहिल्यांदा. पण संघ मोनॅकोचा जुना व्हेंचुरी, आणि यंत्रणा मसेराटीच्याच उद्योगसमूहातल्या डीएसशी सामाईक. मॅकलॅरेन आली ती मर्सिडीजचा संघ ताब्यात घेऊन, आणि तिच्या गाडीत मोटर निसानची. क्युप्रा हे फोक्सवॅगन समूहाचं नाव, तर त्या गाड्यांत यंत्रणा होती महिंद्राची! टीव्हीवर बघणाऱ्या किती जणांना याचा पत्ता होता कोण जाणे.

जग्वारच्या बाबतीत तर नाव आणि कंपनी यांची ताटातूट पहिल्यापासूनची. विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्म्सली यांनी १९२२ मध्ये ब्लॅकपूलला मोटारसायकलींच्या साइडकार बनवायला सुरुवात केली, त्या कंपनीचं नाव होतं स्वॅलो. पुढे ती एसएस कार्स झाली आणि १९३५ मध्ये तिच्या एका गाडीला जग्वार हे नाव मिळालं. महायुद्ध संपलं तेव्हा एसएस ही अक्षरं हिटलरच्या काळ्या गणवेशवाल्यांमुळे उच्चारायची सोय राहिली नव्हती. १९४५ मध्ये लायन्सनी गाडीचंच नाव कंपनीला दिलं.

नावाला वजन आलं ते ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. १९५१ आणि १९५३ मध्ये सी-टाइप जिंकली. त्यातल्या दुसऱ्या विजयात डिस्क ब्रेकचा मोठा वाटा होता. आज रस्त्यावरच्या साध्या मोटारसायकललाही असतात तेच ब्रेक तेव्हा नवलाई होते. १९५५, १९५६ आणि १९५७ मध्ये डी-टाइप जिंकली. पण शेवटच्या दोन विजयांत कंपनीचा स्वतःचा संघ नव्हताच पुढे. त्या गाड्या होत्या एकुरी एकॉस या खासगी स्कॉटिश संघाच्या, रंगाने निळ्या. १९५६ च्या मोसमानंतर कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतलं होतं, तरी १९५७ मध्ये पहिले चारही क्रमांक डी-टाइपनेच पटकावले. १९८८ मध्ये पोर्शेची सलग सात वर्षांची सद्दी मोडली, तीही टॉम वॉकिनशॉ यांच्या संघाने, सिगारेटच्या जाहिरातीचा जांभळा-पांढरा रंग अंगावर घेऊन. यान लॅमर्सने शेवटी बिघडत चाललेला गिअरबॉक्स चौथ्यातच ठेवून गाडी रेषेपार नेली. १९९० चा विजय धरून एकूण सात. यातले निम्म्याहून अधिक दुसऱ्यांनी मिळवून दिलेले, पण सगळ्या गाड्यांच्या इंजिनाचं मूळ कॉव्हेंट्रीचं. नाव उसनं दिलं तरी इंजिनाचं बीज घरचं होतं.

मालक मात्र बदलत राहिले. आधी ब्रिटिश मोटर, मग ब्रिटिश लेलँड, १९८४ मध्ये पुन्हा स्वतंत्र, आणि १९८९ मध्ये फोर्ड, १.६ अब्ज पौंडांना. फोर्डला हे नाव झळकवायची घाई झाली होती. जॅकी स्टुअर्टचा फॉर्म्युला वन संघ त्यांनी १९९९ मध्ये विकत घेतला, त्याला हिरवा रंग दिला आणि जग्वार रेसिंग म्हणून २००० पासून उतरवला. जग्वारचा आणि फॉर्म्युला वनचा तोवर काडीचा संबंध नव्हता. इंजिन कॉसवर्थचं, कारखाना मिल्टन कीन्सचा, आणि हुकूम डेट्रॉइटहून. प्रमुख तर इतक्या वेळा बदलले की विचारता सोय नाही. त्यात एकदा निकी लाउडाही येऊन गेला. स्टुअर्टच्या संघाच्या नावावर निदान एक विजय होता. जग्वारला पाच वर्षांत एडी अर्व्हाइनची दोन तिसरी स्थानं मिळाली, एवढंच.

या सगळ्याचा कळस मोनॅकोत २००४ मध्ये झाला. एका हॉलिवूड चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी दोन्ही गाड्यांच्या नाकावर खराखुरा हिरा बसवला होता. क्रिस्टियन क्लीनने पहिल्याच फेरीत गाडी कठड्यावर घातली. गाडी परत मिळेपर्यंत हिरा गायब! तो पुढे सापडलाच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फोर्डने संघ रेड बुलला नाममात्र किमतीत देऊन टाकला. त्याच मिल्टन कीन्समधून नव्या नावाने पुढे किती जगज्जेतेपदं निघाली, हे शर्यती बघणाऱ्यांना सांगायला नको.

मग टाटा आले. २६ मार्च २००८ ला व्यवहार जाहीर झाला, जूनमध्ये पुरा झाला. जग्वार आणि लँड रोव्हर मिळून २.३ अब्ज डॉलर. इंडिका बाजारात धडपडत असताना फोर्डवाल्यांनी टाटांना कसं सुनावलं होतं, ही गोष्ट टाटा समूहातले अधिकारी प्रवीण काडले यांनी पुढे जाहीरपणे सांगितली आणि आता ती व्हॉट्सअॅपवर तिखटमीठ लावून फिरते. मला त्याहून जास्त रस आहे तो सौद्यातल्या कमी बोलल्या गेलेल्या भागात. या खरेदीत डेमलर, लँचेस्टर आणि रोव्हर ही तीन नावंही टाटांकडे आली. लँचेस्टर आणि रोव्हर या नावांच्या गाड्या तेव्हा कुठे तयारही होत नव्हत्या. रोव्हर हे नाव तर फोर्डने बीएमडब्ल्यूकडून घेतलं होतं ते लँड रोव्हरच्या नावाशी गल्लत होऊ नये म्हणून. त्या नावावर डोळा ठेवून बसलेल्या शांघायच्या कंपनीला मग रोवी असं नवं नाव काढावं लागलं. कारखाना बंद पडल्यावरही नाव तिजोरीत ठेवावं लागतं, ते असं.

टाटांनी शर्यतींची घाई केली नाही. जग्वार फॉर्म्युला ईत आली २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, खरेदीनंतर आठ वर्षांनी. पहिला विजय रोमला २०१९ मध्ये, इव्हान्सच्याच हातून. कारखाना ऑक्सफर्डशायरमधल्या किडलिंग्टनला, माणसं बहुतेक तिथलीच. नोव्हेंबर २०२१ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस मुख्य भागीदार झाली आणि संघ झाला जग्वार टीसीएस रेसिंग. मालकाने स्वतःची तीन अक्षरं विकत घेतलेल्या नावाच्या मागे बसवली, पुढे नाही. बडेजाव टाळायची ही टाटांची जुनी सवय आहे आणि इथे ती शहाणपणाची ठरली. पण तिचा तोटाही आहे. हैदराबादेत जग्वारला ‘आपली’ म्हणून आरोळी द्यावी हे किती जणांना सुचलं असेल?

आरोळीची वेळही फारशी आली नाही म्हणा. शर्यतीच्या पहिल्या टप्प्यातच तिसऱ्या वळणावर, यू-टर्नसारख्या त्या चिंचोळ्या हेअरपिनला, मागून आलेल्या सॅम बर्डची जग्वार पुढच्या जग्वारवर, म्हणजे इव्हान्सवर आदळली. एकाच मालकाच्या दोन गाड्या, एकाच झटक्यात दोन्ही बाद. जिंकला ज्याँ-एरिक व्हर्न, डीएस पेन्स्केच्या गाडीतून. दुसरा आला निक कॅसिडी, एन्व्हिजन संघाचा, आणि त्याच्या गाडीत यंत्रणा होती जग्वारची! महिंद्राचा ऑलिव्हर रोलंड सहावा आला.

त्या मोसमाच्या अखेरीला संघांचं अजिंक्यपदही एन्व्हिजननेच नेलं. किडलिंग्टनची मोटर जिंकली, जग्वारचं नाव हरलं. दुसऱ्या एखाद्या मालकाने यावर आदळआपट केली असती. इथे बर्ड गेला, त्याच्या जागी कॅसिडीला बोलावलं, बाकीची घडी मोडली नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनला जग्वारने संघांचं अजिंक्यपद मिळवलं. १९९१ च्या स्पोर्ट्सकार अजिंक्यपदानंतर या नावाला मिळालेलं हे पहिलं जागतिक विजेतेपद. फोर्डने नाव आणि पैसा दोन्ही ओतले, पण माणसं टिकू दिली नाहीत. टाटांनी माणसं टिकू दिली. फरक असलाच तर एवढाच, आणि तो मोठा आहे.

हैदराबादला हे बघायचा योग पुन्हा आला नाही. राज्यात सरकार बदललं आणि जानेवारी २०२४ मध्ये आयोजकांनी करारभंगाचं कारण देत दुसरी शर्यत रद्द केली. पहिल्या आयोजनानंतरच्या पैशांच्या व्यवहाराची चौकशी पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे गेली. रस्त्यावरची शर्यत शहरावर लादताना लोकांना विश्वासात घेतलं नाही की असंच होतं. वाहतुकीने हैराण झालेल्या हैदराबादकराला या रद्द होण्याचं दुःख झालं असेल, असं मला वाटत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जग्वारने नवी अक्षरं आणि नवी मुद्रा जाहीर केली. त्यावर जगभर टिंगल झाली, आणि थोडीफार रास्तही होती. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये नव्या जग्वारची विक्री थांबवण्यात आली. यापुढची गाडी फक्त विजेची आणि बरीच महाग असणार आहे. त्यामुळे तूर्त ही जुनी कंपनी शोरूमपेक्षा शर्यतीतच जास्त दिसते. फॉर्म्युला ईत २०३० पर्यंत राहायचं तिने ठरवलं आहे.