बोनस दोघांना सारखाच, मग एकच पोरगा का सोडून गेला?

आज माझीच चूक सांगतो.

गेल्या दिवाळीला धंदा मंदा होता, म्हणून दुकानातल्या दोन्ही पोरांचा बोनस मी निम्मा केला. एकाला आदल्या दिवशी बसवून, चहा पाजून हिशेब दाखवला. दुसऱ्याच्या हातात गर्दीतच पाकीट टेकवलं. पहिला आजही आहे. दुसरा, सहा वर्षांचा जुना माणूस, महिनाभरात सोडून गेला. जाताना म्हणाला, "भाऊ, पैशाचं काही नाही. पण मले सांगतलंबी नाही तुम्ही."

बीबीएला हेच तर शिकलो होतो! माणूस फक्त किती मिळालं ते पाहत नाही, ते कसं ठरलं हेही पाहतो. जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास प्रसिद्ध आहे. एका अमेरिकन कंपनीच्या दोन कारखान्यांत १० आठवडे पगार १५ टक्के कापला. एका ठिकाणी साहेबांनी आकडे दाखवून कारण सांगितलं, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसरीकडे दोन शब्दांत उरकलं. चोरी दोन्हीकडे वाढली, पण जिथे उरकलं तिथे जास्त. कपात मात्र सारखीच होती.

आपल्याकडे सोयाबीनच्या काट्यावर बघा. सरकारी खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. शेतकऱ्यासमोर मीटर लावून आकडा दाखवला, तर माल परत गेला तरी तो म्हणतो, वाळवून आणतो. नुसतं मुठीत दाणे घेऊन "ओला आहे" म्हटलं, की भांडण ठरलेलं. आणि शेगावला तासन्‌तास बारीत उभं राहून क्षणभराचं दर्शन होतं, तरी लोक समाधानाने परततात. श्रद्धा तर आहेच, पण सेवेकऱ्याचं ते "माऊली" म्हणणंही आहे ना!

एक मात्र लक्षात ठेवा, हे गोड बोलून कमी देण्याचं तंत्र नाही. पगारच तुटपुंजा असेल तर चहा पाजून भागत नाही, पोरं ते लगेच ओळखतात. आणि नियम पुतण्याला एक, बाकीच्यांना दुसरा असेल तर कारणं सांगूच नका, हसतील.

मी आता दसऱ्यालाच वही घेऊन दोघांसोबत बसतो. विक्री किती, उधारी किती अडकली, बोनसला किती उरतात, सगळं त्यांच्यासमोर. पहिल्यांदा जरा लाज वाटली, खरं सांगतो. त्यात नव्या पोराने उधारीतली माझीच एक चूक काढली, साडेतीनशे रुपयांची.