गाळाची खतावणी

तळ्यात मिसळणारी गटारे वळवली की तळे निवळेल, हा हिशेब कागदावर चोख वाटतो. स्वीडनमधल्या ट्रुमेन तळ्याने तो खोटा पाडला. वेक्शो शहराचे सांडपाणी या उथळ तळ्यात वर्षानुवर्षे जात होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते बंद झाले, पण दहा वर्षे उलटली तरी उन्हाळा आला की पाणी हिरवे व्हायचे ते व्हायचेच. बाहेरचा फॉस्फरस थांबला होता. गाळातली जुनी शिल्लक मात्र हप्त्याहप्त्याने वर येत होती.

गाळ हे करतो कसे, याचा माग क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये लावला. त्यांचा दोन हप्त्यांत आलेला निबंध ऐन महायुद्धात, १९४१-४२मध्ये, प्रसिद्ध झाला. प्रयोग म्हणाल तर साधा: काचेच्या टाक्यांत तळ्यातला गाळ आणि पाणी; एकीत हवा खेळती, दुसरीत कोंडलेली. हवा खेळती असेल तर गाळाच्या वरच्या काही मिलिमीटरांत लोह गंजाच्या रूपात राहते आणि त्या तांबूस गंजाला फॉस्फेट घट्ट चिकटते. प्राणवायू संपला की काही जिवाणू त्या गंजावरच श्वासाची गरज भागवतात. गंज विरघळतो, फॉस्फेट मोकळे होते. खोल तळ्यांत उन्हाळ्यात वरचे ऊबदार पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही, आणि तळाशी पडलेले मेलेले शेवाळ कुजताना तिथला प्राणवायू खाऊन टाकते. म्हणजे शेवाळच पुढच्या शेवाळाच्या खताची सोय लावून जाते! आणि हे खत जालीम: एका ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे शंभर ग्रॅम सुके शेवाळ पोसते.

लोहाची ही गोष्ट इतकी सुबक आहे, की ती पुरेशी वाटू लागते. तशी ती नाही. उथळ तळ्यात तळापर्यंत हवा पोचत असूनही फॉस्फरस सुटतो. भर उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, सामू ९-१०पर्यंत चढतो आणि हायड्रॉक्सिल आयन फॉस्फेटला लोहावरून हुसकावतात. वारा आणि तळ उकरणारे मासे गाळ ढवळतात ते वेगळेच. सल्फाइड तयार झाले तर ते लोहच अडकवून ठेवते. मग फॉस्फरस धरायला कोणी उरत नाही.

सिएटलजवळचे वॉशिंग्टन सरोवर मात्र सांडपाणी वळवल्यावर (१९६३ ते १९६८) काही वर्षांतच निवळले. ते खोल आहे, पाणी लवकर बदलते आणि तळाशी प्राणवायू टिकतो. त्याचे यश सगळीकडे दाखवले जाते; ट्रुमेनसारख्या उथळ तळ्यांना ते लागू पडत नाही, हे क्वचितच सांगितले जाते.

ट्रुमेनमधून अखेर १९७० आणि १९७१मध्ये दरवर्षी सुमारे अर्धा मीटर गाळ पंपाने ओढून काढला. तो वाळवून बागांसाठी माती म्हणून विकला. तलावातला गाळ शेतात पसरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. गाळातून निथळलेले पाणी मात्र तळ्यात परत सोडण्याआधी ॲल्युमिनियमच्या क्षाराने त्यातला फॉस्फरस खाली बसवून घेतला होता.