जुन्या जीपचे दिवे मंद का होतात?

गणपतीला बेळगावला जायचं म्हणजे आमच्या जे. पी. नगरहून सुमारे ५०० किलोमीटर. बाबांचा हट्ट असा, की जायचं ते त्यांच्या जुन्या जीपमधूनच. दिवसा हरकत नाही, पण हुबळी ओलांडेपर्यंत अंधार गाठतोच. गेल्या वर्षी हेडलाइट इतके पिवळट पडले होते, की कडेला उभा असलेला ट्रॅक्टर अगदी जवळ गेल्यावर दिसला. आईने तिथेच बजावलं, "दिवे नीट झाल्याशिवाय मी या गाडीत पाय ठेवणार नाही."

एका दुकानदाराने १०० वॅटचे बल्ब टाकायला सांगितलं. ऐकलं नाही, बरं झालं. एच-४ बल्बचा लो बीम ५५ वॅटचा असतो. दोन बल्ब १२ व्होल्टवर ९ अँपिअरहून जास्त करंट ओढतात. जुन्या गाड्यांत हा सगळा करंट बरेचदा स्विचमधूनच जातो. १०० वॅटचे बल्ब लावले की तो १६ अँपिअरच्या पुढे! वायर तीच, स्विचही झिजलेला. अशाने वायरिंग वितळतं, कधी आगही लागते.

आमचे बल्ब चांगलेच होते. इंजिन आणि दिवे चालू ठेवून मल्टिमीटर लावला: बॅटरीवर १३.८ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर फक्त ११.४. व्होल्टेज १० टक्के घटलं तरी हॅलोजनचा उजेड साधारण ३० टक्के घटतो. आमचा जवळजवळ निम्माच उरला होता.

उरलेले व्होल्ट कुठे गेले? मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी बल्बच्या अर्थ वायरला लावली, तर ०.९ व्होल्ट! तिथे ०.२ च्या आत असायला हवं. अर्थचा स्क्रू गंजलेल्या पत्र्यावर बसला होता. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, स्क्रू आवळला, वर व्हॅसलीन लावलं. खर्च शून्य. (ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणत असेल, तर मागच्या दिव्यांचा अर्थही असाच तपासा.)

बाकीची गळती जुन्या स्विचमध्ये होती. त्यासाठी जे. सी. रोडवरून दोन रिले आणले, लो आणि हाय बीमला एकेक. बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून बल्बला; जुना स्विच आता ८५-८६ मधली कॉइल तेवढी चालवतो. काही गाड्यांत मात्र स्विच प्लसऐवजी अर्थ तोडतो, म्हणून वायर कापण्याआधी टेस्ट लँपने खात्री करा. बॅटरीचा मायनस आधी काढा. आणि फ्यूज उडाला तर तिथे तार गुंडाळू नका. बाबांनी पूर्वी गुंडाळली होती, त्यावर आमचं भांडण झालंच.

आता होल्डरवर १३.४ व्होल्ट येतात. आई यायला तयार झाली आहे. हॉर्न मात्र वळणावर अजून आपोआप वाजतो. ते काम येत्या रविवारी.