पाठवाऱ्याचे शीड

मंडळी, भाताची मळणी आटोपली की खळ्यावर उफणणी सुरू होते. सूप घेऊन उभा राहिलेला माणूस आधी काय करतो? वारा कुठला आहे ते पाहतो. चिमूटभर भुसा सोडतो, तो कुठे उडतो ते बघतो, आणि मगच सूप हलवतो. नांद्यासारख्या गावात हे कुणाला शिकवावे लागत नाही. आज ज्या शिडाची माहिती सांगायची आहे, त्या शिडाचा पहिला धडाही हाच आहे.

मुळशी धरणातून निघालेली मुळा नदी आपल्या शिवाराजवळून पुण्याकडे जाते. डोंगरापलीकडे खडकवासल्याचे पाणी आहे. तिथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. शर्यतीच्या काही लहान होड्यांत दोनच माणसे असतात, पण शिडे मात्र तीन. डोलकाठीच्या मागे मोठे शीड, पुढे एक लहान शीड. आणि वारा पाठीकडून येऊ लागला की तिसरे रंगीत शीड अगदी पुढे फुगते. त्याला स्पिनेकर म्हणतात. खलाशी लाडाने त्याला पतंग म्हणतात.

हा खेळ परक्यांचा आहे असे समजू नका. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. त्यांत फारोख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल नावाच्या होडीवर सुवर्णपदक मिळवले. त्या होडीलाही हे शीड असते. पुढे तारापोर १९८४, १९८८ आणि १९९२ अशा तीन ऑलिंपिकांत ४७० नावाच्या होडीवर उतरले.

४७० हे नाव होडीच्या लांबीवरून पडले, ४७० सेंटिमीटर! आता गुरुजींनी फळ्यावर हिशेब मांडावा. या होडीचे मोठे शीड सुमारे नऊ चौरस मीटर, पुढचे साडेतीन. दोन्ही मिळून पावणेतेराच्या आतच. आणि एकट्या स्पिनेकरचे कापड सुमारे तेरा चौरस मीटर, म्हणजे दहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब खोलीच्या जमिनीएवढे. पंधरा-सोळा फुटांच्या होडीवर एवढे कापड! ते आवरता आले तर होडी पळते, नाही आले तर पालथी होते.

आता बांधणी पाहू. शिडाला तीन कोपरे असतात. वरच्या कोपऱ्याला एक दोर. तो डोलकाठीवरच्या कप्पीतून खाली येतो आणि शीड वर चढवतो. खालच्या दोन कोपऱ्यांना दोन दोर. ते होडीतल्या बाकी सगळ्या दोरांच्या बाहेरून मागे, माणसाच्या हातात येतात. बैलांचे कासरेच म्हणा ना! ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूच्या दोराला इंग्रजीत 'गाय' म्हणतात. आपल्या गोठ्यातल्या गायीशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्या दोराला 'शीट' म्हणतात. शीट म्हणजे दोर आणि शीड म्हणजे कापड, हे मुलांकडून दोनदा वदवून घ्यावे, नाहीतर घोटाळा होतो. राहिला एक हलका दांडा. त्याचे एक टोक डोलकाठीला आणि दुसरे वाऱ्याकडच्या दोराला अडकवायचे. दांडा त्या कोपऱ्याला बाहेर धरून ठेवतो, म्हणून शीड उघडे राहते.

शीड घडी करताना त्याच्या दोन्ही कडा हाताने चाचपत वरपर्यंत जावे आणि तिन्ही कोपरे पिशवीच्या तोंडाशी ठेवावे. इथे आळस केला तर शीड वर जाताना पिळा पडतो आणि मध्येच आवळून डमरू होतो. चढवताना होडी वाऱ्याला पाठ देऊन धरावी. सुकाणूवाला वरचा दोर भराभर ओढतो, जोडीदार दोन्ही कासरे सांभाळतो.

खरी कला पुढे आहे. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, दांडा वाऱ्याला काटकोनात असावा. वारा अगदी मागून असेल तर दांडा मागे घ्यावा. बाजूकडे सरकला तर पुढे सोडावा.

दुसरी, खालचे दोन्ही कोपरे एका उंचीवर दिसावेत. वाऱ्याकडचा कोपरा वर राहिला तर दांडा खाली घ्यावा, खाली राहिला तर वर न्यावा.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. शीटचा दोर हळूहळू सोडत जावा. शिडाची वाऱ्याकडची कड किंचित मुडपू लागली की थांबावे आणि कड सरळ होईल एवढाच दोर ओढावा. पुन्हा सोडावा, पुन्हा ओढावा. शर्यतभर डोळा त्या कडेवरच. दूध उतू जाऊ नये म्हणून चुलीपाशी बसलेली बाई जशी पातेल्यावरची नजर हलवत नाही, तसे. नवशिका भीतीने दोर करकचून ओढतो. शीड फुगलेले दिसते, पण होडी मंदावते.

आता धोक्याची गोष्ट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. शिवाय होडी वाऱ्याबरोबर पळत असते, तेव्हा अंगाला वारा कमीच लागतो. वाऱ्याच्या दिशेने सायकल हाणून पाहा, कळेल. म्हणून माणूस फसतो. झोत आला आणि होडी कलू लागली तर शीटचा दोर ताबडतोब सैल सोडावा. शीड फडफडेल, फडफडू द्या. हा दोर कधीही गाठ मारून पक्का बांधू नये. उतरवताना शीड पाण्यात पडले तर ते होडीखाली जाते आणि जाळ्यासारखे पाणी धरून बसते.

शाळेत हे पाण्याशिवायही शिकवता येते. जुने धोतर घ्या. वरचा कोपरा बांबूच्या टोकाला बांधा, खालच्या दोन कोपऱ्यांना सुतळ्या. एका मुलाने बांबू धरावा, दुसऱ्याने सुतळ्या. वाऱ्याला पाठ करून मैदानावर उभे करा आणि कड कधी मुडपते ते पाहायला सांगा. अर्ध्या तासात मूल वारा 'वाचू' लागेल.

मात्र हे धोतर घेऊन कुणी धरणावर किंवा डोहावर जाऊ नये. पोहणे येत असले तरी तरंगजाकीट आणि जाणता शिक्षक यांच्यावाचून पाण्यात होडी घालू नये. धरणाचे पाणी वरून शांत दिसते, आणि दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरचे पोर परत येत नाही.

२०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ४७० होडीवर एक स्त्री आणि एक पुरुष अशी जोडी होती. तेव्हा मैदानावर सुतळी मुलींच्याही हाती द्या. वारा ओळखणारी माणसे आपल्या खळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. त्यांच्याच घरचे कुणी उद्या पाण्यावर असा कासरा धरील.