कॉइलच्या पट्टीखालचा निळा

चेनपुलीला टांगून इंजिन वर उचललं, गाडी हातानं मागे ढकलली आणि बॉनेटखालचा रिकामा खड्डा समोर आला. आमच्या नानांची प्रीमियर पद्मिनी, 1975 ची. लहानपणापासून या गाडीत बसलो, पण तिचं पोट असं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. तेल आणि धूळ मिसळून दगडासारखी झालेली बोटभर जाडीची खपली सगळीकडे होती. तिच्याखाली काळा रंग दिसत होता, ब्रशनं फासलेला, ओघळ आले तसेच वाळलेला.

काचेखालच्या पन्हळीतून रंगकाम करणाऱ्या मिस्तरींनी स्क्रूड्रायव्हरनं गाळ उकरला, तर त्यात मिरचीचं बी निघालं. नाना नंदुरबारच्या बाजारात मिरचीचा व्यापार करायचे. पथारीवर वाळायला टाकलेली मिरची बघायला ते याच गाडीनं फिरायचे आणि येताना डिकीत, मागच्या सीटवर नमुन्याची पोती असायची. ते मूठभर बी मी कागदात बांधून ठेवलं.

इंजिनाचं काम दुसरीकडे चाललं होतं. महिनाभर तरी ते परत येणार नव्हतं. तोवर ही जागा रंगवून घ्यायची होती. मिस्तरी तिला इंजिन रूम म्हणतात, मीही तेच म्हणतो. काम आठवड्याचं वाटलं होतं. पण रंग कोणता, या एका प्रश्नात पहिले पंधरा दिवस गेले आणि ते जायलाच हवे होते, असं आता वाटतं.

ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या बहुतेकांनी काळा सांगितला. काळा स्वस्त, काळा कुठंही मिळतो, काळ्यात डाग दिसत नाहीत. मिस्तरींनी मान हलवली. “हाऊ रंग चालाव नही, भाऊ,” ते अहिराणीत म्हणाले. मग मराठीत समजावलं, “डाग दिसायलाच पाहिजेत. तेल कुठून गळतंय, पाणी कुठून पाझरतंय, काळ्यात मला काय कळणार? हात फिरवून शोधत बसायचं का?”

काळा गेला. उरले दोन. गाडी सध्या बाहेरून पांढरी आहे, तेव्हा आतही पांढरा मारायचा. नाहीतर ती कारखान्यातून निघाली तेव्हा जो होता तो.

हा कारखाना प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा; ती कंपनी वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये काढली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनू लागली. तीच गाडी पुढे प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. या गाडीला वेगळी चासी नाही. फायरवॉल, दोन्ही बाजूंचे एप्रन, पुढचा आडवा पत्रा हे सगळं बॉडीलाच जोडलेलं. अख्खा सांगाडा आधी रंगवायचा आणि इंजिन नंतर आत बसवायचं, असा हा क्रम. म्हणून इंजिन रूमचा रंग बॉडीचाच असतो. आतला रंग बाहेरच्यापेक्षा वेगळा दिसला, की गाडी मध्ये कधीतरी रंगवलेली आहे हे जाणकार बॉनेट उघडताच ओळखतो.

आमच्या गाडीचं आरसी बुक हातानं लिहिलेलं आहे. रंगाच्या रकान्यात आधी निळा लिहिलेलं, ते खोडून वर पांढरा. नानांनी रंग बदलला तेव्हा रीतसर नोंद करून घेतली होती. निळा होता एवढं कळलं, पण निळे शंभर असतात. आकाशाचा, शाळेच्या गणवेशाचा, एसटीच्या पावतीवरच्या कार्बनचा. कोणता?

उत्तर इग्निशन कॉइलनं दिलं. ती ज्या पट्टीनं पत्र्याला आवळलेली असते, ती पट्टी कुणी कधी काढलेलीच नव्हती. काळा फासणाऱ्यानंही तिच्यावरूनच ब्रश फिरवला होता. स्क्रू गंजून बसलेले. रात्रभर तेल सोडून ठेवलं, सकाळी ते फिरले. पट्टी सुटली आणि खाली दोन बोटं रुंद निळा निघाला. धोतराला नीळ जरा जास्त झाली की जी छटा येते, तिच्या जवळचा. मी तिथंच खाली बसलो. नानांनी गाडी आणली त्या दिवशी ती अशी दिसत होती आणि माझ्या जन्माआधीचा तो दिवस पट्टीखाली जपून राहिला होता.

थर कोणते आहेत हे मिस्तरींनी थिनरच्या बोळ्यानं दाखवलं. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, थिनरचा बोळा काळ्यावर धरला, तर मिनिटाभरात रंग आळून सुरकुतला, तापल्या दुधावरच्या सायीसारखा. म्हणजे साधा सिंथेटिक इनॅमल, हवेत वाळलेला. काळ्याखाली कडेकडेला पांढऱ्याचा फवारा उडालेला होता. त्याच्यावर बोळा धरला, तर पांढरा विरघळून कापडावर उतरला. तो एनसी. निळ्यावर मात्र कितीही घासलं तरी कापड कोरंच राहिलं. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग असा असतो. काळा ज्यानं लावला त्यानं तेल न पुसताच लावला होता, म्हणून जागोजागी तो पापडासारखा सुटून येत होता. त्या कामाचे पैसे नानांनी पूर्ण दिले होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

तरी पट्टीखालचा निळा जसाच्या तसा मापायला घ्यायचा नसतो, हे मला ठाऊक नव्हतं. तेलावर आधारलेला रंग वर्षानुवर्षं अंधारात राहिला की थोडा पिवळसर होतो आणि उजेड लागला की त्यातली थोडी पिवळट झाक परत जाते. मिस्तरींनी आठ दिवस गाडी तोंड उन्हाकडे करून उभी ठेवली. बाकीचं काम चालू होतं, पण निळ्याला हात लावायचा नाही. आठव्या दिवशी तो खरंच जरा स्वच्छ दिसू लागला.

मग रंग जुळवणं. पांढऱ्या बेसमध्ये निळा, त्यात काळ्याचे थेंब, मग सुईच्या टोकाएवढा पिवळा. प्रत्येक मिश्रणाचा हात एका पत्र्याच्या तुकड्यावर मारायचा आणि वाळू द्यायचा, कारण ओला रंग वेगळा दिसतो, वाळलेला वेगळा. तुकडे मूळ रंगाशेजारी धरून पाहायचे, एकदा सकाळच्या उन्हात, एकदा सावलीत, एकदा ट्यूबलाइटखाली. पाचवा तुकडा उन्हात हुबेहूब होता, पण ट्यूबखाली जांभळट. सातवा तिन्हीकडे बसला. त्याच्या पाठीवर मिस्तरींनी खिळ्यानं थेंबांचा हिशेब कोरून ठेवला.

रंगाची जातही ठरवायची होती. सिंथेटिक इनॅमल लावायला सोपा, पण पेट्रोल सांडलं की मऊ पडतो आणि वाळायला कैक दिवस. एनसी पटकन वाळतो, पॉलिश छान घेतो, पण पेट्रोल-थिनरपुढं टिकत नाही. ब्रेक ऑइल तर दोघांनाही खातं. टिकाऊपणा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, दोन डब्यांचा: रंग एका डब्यात, हार्डनर दुसऱ्यात, एकत्र केले की रासायनिक क्रियेनं घट्ट होणारा. आम्ही पीयू घेतला, वेगळा लॅकर न लागणारा, लिटरभर. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्यानं दमा जडतो आणि एकदा जडला की पुढं थोडा वासही सोसत नाही. मिस्तरी आयुष्यभर तोंडाला रुमाल बांधून गन चालवत आले. रुमाल हे अडवत नाही. बाहेरून ताजी हवा देणारा नळीचा मुखवटा मी भाड्यानं आणला आणि तो घातल्याशिवाय गन हातात घ्यायची नाही, असं हात जोडून सांगितलं. “तुमच्यासाठी घालतो, भाऊ,” म्हणाले. पण दुसऱ्या हातानंतर म्हणाले, घसा जळत नाहीये.

रंगाच्या आधीचं काम मात्र कुणी मोजत नाही. घासलेट आणि पितळी ब्रशनं चार दिवस खपली काढली. बॅटरीखालचा पत्रा आम्लानं चाळणी झाला होता. खाण्याच्या सोड्याचं पाणी ओतलं तर फसफसलं. फसफस थांबेपर्यंत ओतत राहिलो, मग सडका भाग कापून वीस गेजचा नवा तुकडा जोडला. उघडा पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली गेला, रात्रीचं दव लागू दिलं नाही.

पुट्टीवरून आमचं थोडं वाजलं. मिस्तरींचा हात सफाईचा. त्यांना सगळं आरशासारखं सपाट करायचं होतं. मी नको म्हटलं. फायरवॉलच्या कडेनं ओळीनं खळगे आहेत, डाळीच्या दाण्याएवढे. कुर्ल्याला कुणीतरी स्पॉट वेल्डिंगचं यंत्र दाबलं, त्याच्या त्या खुणा. दोन ओळींत सारखं अंतर आहे, एका जागी दोन खळगे एकमेकांना चिकटलेत. ते भरले असते तर त्या माणसाचा हात पुसला गेला असता. मिस्तरी थोडा वेळ बोट फिरवत राहिले आणि पुट्टीचा डबा बंद केला.

आणखी एक गोष्ट मनात होती. केंद्र सरकारनं 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नसलेली. तिला व्हीए अक्षरांची पाटी मिळते, पण मग ती गाडी रोज चालवता येत नाही. मला पाटी नकोय. मला दत्त जयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला या गाडीनं जायचंय. तरी ‘मूळ रूप’ हा शब्द डोक्यात राहिला. आत निळा केला म्हणजे बाहेरचा पांढराही एक दिवस जाणार, आरसी बुकात पुन्हा नोंद करावी लागणार. हे सगळं मान्य करूनच निळ्याला होकार दिला.

फवारा जानेवारीत मारला. मे महिन्यात आमच्याकडे उन्हानं थिनर हवेतच उडतो आणि रंग पत्र्यावर कोरडा पडून संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. थंडीतही पहाटे पीयू नीट आवळत नाही. म्हणून ऊन तापेपर्यंत थांबलो, जमिनीवर पाणी मारून धूळ बसवली. त्या दिवसांत गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची लाल पसरलेली असते; वारं तिकडून येऊ लागलं की शिंका येतात आणि कचराही उडतो. अकरा वाजता वारं पडलं, तेव्हा मिस्तरींनी गन उचलली. पहिला हात पातळ, धुक्यासारखा. पंधरा मिनिटांनी दुसरा. कोपरे आधी, मोकळा पत्रा शेवटी. चकाकी त्यांनी थोडी कमी ठेवली. बाहेरच्या बॉडीइतकं आत कारखान्यातही चमकवत नसत. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वेगळं रंगवलं, उष्णता सोसणाऱ्या ॲल्युमिनियम रंगानं. तो इंजिन तापल्यावरच पक्का होतो.

इंजिन परत बसलं फेब्रुवारीत. कॉइल जुन्याच जागी, जुन्याच पट्टीनं आवळली. मिस्तरींनी पट्टीखाली नवा रंग मारला नव्हता. तिथला निळा अजून 1975 चाच आहे. गाडी सुरू झाली, दहा मिनिटं चालू ठेवली. मिस्तरी वाकले आणि काही न बोलता बोट दाखवलं. रेडिएटरच्या वरच्या होजखाली, निळ्या पत्र्यावर, हिरवट कूलंटचा एक थेंब. त्यांनी क्लिप अर्धा फेरा आवळली, थेंब फडक्यानं टिपला आणि परत वाकून पाहत राहिले.