लस शोधणारी चौकशी खिडकी

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अकोल्यात कोरोनाने पुन्हा डोके वर काढले आणि टाळेबंदी लागली. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले, पण ‘कोविन’वरच्या जागा पाहता पाहता संपत. तेव्हा ‘तुमच्या जिल्ह्यात लस उपलब्ध’ असे संदेश देणारी अ‍ॅप मदतीला आली. त्यातली बरीचशी सरकारची नव्हती. मग त्यांना माहिती कुठून मिळत होती?

कोविनच्या सार्वजनिक एपीआयमधून. एपीआय म्हणजे एसटी स्टँडवरची चौकशी खिडकीच. फक्त इथे विचारणारा माणूस नसतो, दुसरा संगणक असतो. पिनकोड किंवा जिल्हा आणि तारीख दिली, की केंद्र, लस, वयोगट आणि शिल्लक जागा ठरलेल्या साच्यात कळत. विचारायची पद्धत जाहीर होती, म्हणून अनोळखी तरुणांनाही त्यावर अ‍ॅप बांधता आली.

गर्दीने खिडकी कोलमडू नये म्हणून एका आयपी पत्त्यावरून ५ मिनिटांत १०० विचारणा, अशी मर्यादा होती. पुढे उत्तर ३० मिनिटांपर्यंत जुने असू शकेल, असेही जाहीर झाले. संदेश येईपर्यंत जागा गेलेली असू शकत होती.

सोपी पद्धत, न बदलणारा साचा, जाहीर नियम आणि ताजे उत्तर यांवर एपीआयचे यश ठरते. मात्र मेळघाटात जिथे मोबाइलला रेंजच नाही, तिथल्या माणसाला या खिडकीचा उपयोग नव्हता. त्याच्यासाठी लस गावातच न्यावी लागते.